ओकायामाला निघालेल्या विद्यार्थ्यांची तयारी: पालक आणि मुलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि जपानमधलं ओकायामा ही मैत्रीची शहरं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घडवलेलं आहे. तिथल्या कुटुंबांत राहायला आणि शाळांत बसायला जाणाऱ्या मुलांच्या घरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या प्रवासात मूल पर्यटक नसतं, कुणाच्या तरी घरचं पाहुणं असतं. तयारी त्या दृष्टीने करायची आहे.

ओकायामा नेमकं कुठे आहे? तोक्यो बघायला मिळणार का?

ओकायामा पश्चिम जपानमध्ये, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठाजवळ आहे. ओसाकाहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासाच्या आसपास लागतो. तोक्यो तिथून बरंच लांब पडतं. थोडक्या दिवसांच्या भेटीत ते कोंबण्याचा आग्रह पालकांनी धरू नये, असं मला मनापासून वाटतं. कोराकुएन बाग आहे, नदीपलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला आहे, कुराशिकीची कालव्याकाठची जुनी वस्ती आहे, बिझेनची चकाकी न देता भाजलेली मातीची भांडी आहेत. शिवाय ही मोमोतारोची भूमी. पीचच्या फळातून जन्मलेला हा मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबत घेऊन राक्षसांशी लढायला जातो. त्याचा पुतळा स्टेशनाबाहेरच आहे. ही गोष्ट मुलांनी निघण्याआधी ऐकलेली असावी, कारण तिथलं प्रत्येक लहान मूल ती सांगू शकतं.

तयारी किती आधी सुरू करायची?

कागदपत्रांसाठी किमान तीन-चार महिने आधी, भाषेसाठी सहा महिने आधी. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट साधारणपणे ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तो उघडून तारीख बघा. व्हिसाचे अर्ज व्हीएफएस केंद्रामार्फत जातात. यजमान संस्थेकडून निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र, दिवसवार कार्यक्रम आणि हमीपत्र लागू शकतं. ते वेळेत मागवावं लागतं आणि त्यातल्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलेलं लागतं. दोन्ही पालकांचं संमतिपत्रही तयार ठेवा.

कोणत्या महिन्यात जाणं चांगलं?

जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर उन्हाळी सुट्टी असते. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची शाळा भरलेली असते, आणि ही मोठी सोय आहे. फक्त एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे सलग सुट्ट्या येतात, गाड्या आणि हॉटेलं भरून जातात. ते दिवस टाळावेत. जून ते जुलैचा मध्य पावसाचा, त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत वादळांचा धोका. दिवाळीच्या सुट्टीतलं ओकायामा थंड, कोरडं आणि सुंदर असतं.

मुलांना जपानी यायलाच हवी का?

अस्खलित यायला नको, पण शून्यही चालणार नाही. हिरागानाची ४६ मूळ अक्षरं मुलांनी शिकूनच जावं. मराठी मुलांना ही लिपी वाटते त्यापेक्षा सोपी जाते, कारण तिची मांडणी ओळखीची आहे: आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत अक्षरांचा अभ्यास केला, त्याचा हा ठसा. वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि 'ला', 'ने', 'चा' यांच्यासारखे शब्द नामाच्या मागे लागतात. म्हणून जपानी इंग्रजीतून शिकवण्यापेक्षा थेट मराठीतून शिकवावी.

उच्चारात मात्र ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. यजमान काकूंना आजी म्हटलं तर त्या हसतील, पण मुलाला ओशाळल्यासारखं होईल. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, जोडाक्षरंही सुटी होतात, त्यामुळे शाल्मलीची 'शारुमारी' होते. प्रत्येक मुलाने आपलं नाव काताकाना लिपीत, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, कसं लिहायचं ते आधीच ठरवून, त्याची चिठ्ठी छातीवर लावता येईल अशी करून घ्यावी. समोरच्याला आडनावापुढे 'सान' लावून हाक मारायची, शिक्षकांना 'सेन्सेई'. घरातल्या काका-काकूंना बरीच पाहुणी मुलं ओतोसान, ओकासान म्हणतात, म्हणजे बाबा आणि आई. ते म्हणायचं की नाही, हे घरात गेल्यावर त्यांनाच विचारावं.

आमचं मूल पूर्ण शाकाहारी आहे. ते उपाशी राहील का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. काळजी रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचं पाणी. ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कात्रणांचं असतं. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, तेम्पुरा या तळलेल्या पदार्थासोबतची चटणी, अगदी आमलेटमध्येही दाशी असू शकतं. ताटात मासा दिसत नाही आणि यजमानांच्या मनातही तो मासा नसतो, तो मसाला असतो. बाजारच्या करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते, जेलीत जिलेटिन असतं, काही पावांत डुकराची चरबी असते.

'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण त्यातून मासे वगळले आहेत असा अर्थ निघत नाही. जपानीत एक कार्ड तयार करा आणि त्यावर एकेक नाव लिहा: गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, कोळंबी आणि खेकडा, माशाचं दाशी, प्राण्यांची चरबी, जिलेटिन. अंडं आणि दूध चालतं की नाही, तेही स्पष्ट लिहा. त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला काय आवडतं ते लिहा: भात, टोफू, भाज्या, फळं, चीज, बटाटे, शेंगदाणे. यजमान काकूंना खरा आधार या दुसऱ्या यादीचा होतो. हे कार्ड यजमानांकडे निदान महिनाभर आधी पोचलं पाहिजे.

दाशी चालेल की नाही, हा निर्णय घरी बसून, मुलाला सोबत घेऊन करा. काही कुटुंबं म्हणतात, दिसत नाही ते चालेल. काही म्हणतात, अजिबात नाही. दोन्ही बरोबर आहे. पण तो निर्णय दहा-बारा वर्षांच्या मुलावर, परक्या ताटासमोर, यजमान प्रेमाने बघत असताना सोपवू नका. कोम्बू नावाच्या समुद्रवनस्पतीचं आणि शिताके अळंब्यांचं दाशीही करतात. आधी कळवलं तर बहुतेक घरं ते आनंदाने करतात.

जैन मुलांसाठी कांदा, लसूण आणि कंदमुळांची वेगळी नोंद हवी. मठांतलं 'शोजिन र्‍योरी' जेवण परंपरेने मांस-माशांशिवाय आणि कांदा-लसणाशिवायही असतं, पण त्यात मुळा, गाजर येतं. मुस्लिम मुलांच्या कार्डावर डुकराच्या मांसासोबत मिरिन आणि साके ही तांदळाची मद्यंही लिहा, कारण स्वयंपाकात ती सहज घातली जातात. मांसाहारी मुलांच्या पालकांनीही गाय-डुक्कर चालतं का, हे लिहूनच द्यावं.

घरून काय काय खाऊ नेता येईल?

ताजं काही नाही. आंबे, मिरच्या, कढीपत्ता, लिंबं यांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो, आणि मांसाचा कोणताही पदार्थ, पाकीटबंद असला तरी, नेता येत नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे, चिवडा, हवाबंद पाकिटातले मसाले पुरेसे आहेत. साध्या भातावर मेतकूट घेतलं की मुलं सावरतात. मात्र यजमानांच्या ताटाची चव न बघताच डबा उघडायचा नाही, हे मुलांना सांगून ठेवा.

चॉपस्टिक आधी शिकून जायचं का?

हो, घरी शेंगदाणे उचलून सराव करा. दोन गोष्टी मात्र कधीच करू नयेत: भातात काड्या उभ्या खोचणं आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणं. दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास', नंतर 'गोचिसोसामा' म्हणायचं.

नेहमीची औषधं सोबत देऊ का?

द्या, पण जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असेल किंवा खोकल्याच्या औषधात कोडीन असेल, तर ती देऊच नका. एकाग्रतेसाठी दिली जाणारी काही उत्तेजक औषधं तिथे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बेकायदा ठरतात. तसं औषध मूल घेत असेल, तर तिकीट काढण्याआधीच जपानच्या वकिलातीकडे विचारणा करा. बाकी औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह द्या.

यजमानांच्या घरात वागायचं कसं?

दारातून आत आलं की एक खोलगट जागा असते, गेनकान. बूट तिथेच काढायचे, टोकं दाराकडे करून नीट लावायचे आणि वर पाऊल ठेवायचं. आत सपाता मिळतात. तातामीच्या चटईवर त्याही काढायच्या. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडून यायच्या. आपल्या मुलांना चपला बाहेर काढायची सवय असतेच, गोंधळ होतो तो या तिसऱ्या जोडीचा. मोजे न फाटलेले आणि रोज धुतलेले हवेत.

आंघोळ मात्र आधी समजावूनच पाठवा. टबाबाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं, सगळा फेस घालवायचा आणि मगच टबातल्या गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. म्हणून त्यात साबण नको, आणि बाहेर आल्यावर बूच काढून पाणी सोडायचं नाही, वर झाकण ठेवायचं. पाहुण्याला बऱ्याचदा पहिला मान देतात. टबात बसायचं नसेल तर नुसतं अंग धुतलं तरी कुणी काही म्हणत नाही. आंघोळ साधारणपणे रात्री असते. सकाळी आंघोळ केल्याशिवाय आमच्यात देवाला हात लावत नाहीत, असं एखाद्या मुलाने सांगितलं, तर यजमान ते कुतूहलाने ऐकतात.

नळाचं पाणी पिण्यालायक असतं. कचरा प्रकारानुसार वेगळा करतात आणि रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नसतात, त्यामुळे खिशात एक पिशवी हवी. घरकामात हात घालायचा, पण 'करू का?' असं आधी विचारून.

मासिक पाळीबाबत मुलींना काय सांगावं?

सगळी साधनं तिथे दुकानांत सहज मिळतात, स्वच्छतागृहांत त्यासाठी वेगळी बंद पेटी असते. त्या दिवसांत सामाईक टबात उतरायचं नाही, नुसती शॉवरने आंघोळ करायची. यजमान काकूंना सांगायला लाज वाटू नये म्हणून त्याचं जपानी वाक्य मुलींना आधीच लिहून द्या. सोबतच्या शिक्षकांत एक तरी बाई असायलाच हव्यात.

शाळेतला दिवस कसा असतो?

शाळेतही बूट काढून आतले बूट घालावे लागतात, ते सोबत न्या. बऱ्याच प्राथमिक शाळांत जेवण वर्गातच होतं आणि ॲप्रन-टोपी घातलेली मुलंच ते वाढतात. नंतर सगळी मुलं मिळून वर्ग, जिने, काही ठिकाणी स्वच्छतागृहंही साफ करतात. आपल्या मुलांनी कोपऱ्यात उभं राहून फोटो काढू नयेत, फडकं हातात घ्यावं. दोन्हीकडच्या मुलांची ओळख होते ती बहुधा इथेच, भाषेवाचून.

आम्ही तिथे काय सादर करायचं?

भारताची लोकसंख्या, क्षेत्रफळ, राष्ट्रीय पक्षी असल्या स्लाइड नकोत. ती माहिती त्यांच्या पुस्तकात असते. मुलाने स्वतःचं काही न्यावं: माझी गल्ली, माझी शाळेची रिक्षा, आमच्या घरचा गणपती कुठून येतो आणि विसर्जन कुठे होतं, आजीचं गाव. पाच फोटो आणि पाच सोपी जपानी वाक्यं पुरतात.

लेझीम फार छान चालते, कारण ती पाहणाऱ्याच्या हातात देता येते. ती मोठ्या बॅगेतच ठेवा, हातातल्या सामानात नको. खो-खोला व्यायामशाळेतली मोकळी जागा पुरते. रांगोळी मोठ्या कागदावर काढा, तातामीवर कधीच नको. पेटती पणती नको. मेंदी काढण्याआधी शिक्षकांना विचारा, कारण हात रंगवून वर्गात बसणं काही शाळांना चालत नाही.

आणि पाढे! भारतीय मुलांना १९ पर्यंतचे पाढे पाठ असतात, अशी जपानमध्ये सर्वदूर समजूत आहे आणि त्याबद्दल विचारणारच. तिथली मुलं दुसरीत ९ पर्यंतचे पाढे तालात म्हणत शिकतात, त्याला 'कुकु' म्हणतात. आपल्या मुलांनी 'बे एके बे' आपल्या चालीत म्हणावं, त्यांनी कुकु म्हणावं. मुलांना खरंच १९ पर्यंत येतात का, हे मात्र जाण्याआधी तपासा.

भेटवस्तू काय द्यावी?

लहान, हलकी, आपल्या भागातली. वारली चित्राचं कापड, पैठणी काठाची पर्स, लाकडी खेळणी, चहाचा मसाला. चार वस्तूंचा संच टाळा, कारण चारचा एक उच्चार मृत्यूच्या उच्चारासारखा आहे. खूप महाग वस्तू दिली तर यजमानांवर परतफेडीचं ओझं येतं. शेंगदाण्याची चिक्की द्यायची असेल तर घरात कुणाला ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, आणि त्यांनी ती लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

फोन, चार्जर, पैसे?

तिथे १०० व्होल्ट वीज आणि दोन चपट्या पिनांचे प्लग असतात. फोनचे चार्जर चालतात, केस वाळवायचं यंत्र घरीच ठेवा. थोडे येन रोख हवेतच. रेल्वे आणि ट्रामसाठी इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड सोयीचं. टीप कुणालाही द्यायची नाही. रेल्वेत फोनवर बोलायचं नाही.

घरी बोलण्याची वेळ ठरवून घ्या. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथे रात्रीचे साडेनऊ तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सहा. दिवसातून एकदा, थोडा वेळ. पालकांनी दर तासाला 'जेवलास का?' विचारलं तर मूल त्या घरात रुळत नाही. पहिले दोन दिवस डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे. लगेच परत आणण्याची भाषा करू नका, शिक्षकांशी बोला.

मूल अगदीच अबोल आहे. पाठवू का?

जरूर पाठवा. जपानी घरात शांत बसणं हा दोष समजला जात नाही. सोबत घडीकाम, चित्रकला, पत्ते असं हाताला काम देणारं काहीतरी द्या.

हिरोशिमाला नेणार का? मुलांना ते झेपेल?

ओकायामाहून हिरोशिमा शिंकान्सेनने साधारण चाळीस मिनिटांवर आहे आणि बरेच गट तिथे जातात. मी नेण्याच्याच बाजूचा आहे, पण तयारीशिवाय नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला काय झालं, ते मुलांना इथेच, आपल्या भाषेत, प्रश्न विचारायला वेळ देऊन सांगा. संग्रहालयात जळालेली तीनचाकी सायकल आहे, मुलांचे कपडे आहेत, डबे आहेत. ज्या मुलाला आत जायचं नसेल त्याला शिक्षकांसोबत बाहेर बागेत थांबायची मुभा हवी, आणि त्यावरून कुणी चिडवता कामा नये.

सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवत असे. तिच्या वर्गमित्रांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं बालकांचं शांतिस्मारक १९५८ पासून तिथे आहे. आपल्या मुलांनी घडवलेले क्रौंच ओवून तिथे अर्पण करता येतात. घड्या इथल्या वर्गातच शिकवा.

ओकायामा शहरही २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालं. जुना किल्ला त्यात गेला, आज दिसतो तो १९६६ मध्ये पुन्हा बांधलेला. यजमान घरातल्या आजी-आजोबांना युद्धाबद्दल आपणहून विचारू नये. त्यांनी सांगितलं, तर काम बाजूला ठेवून ऐकावं.

भूकंप झाला तर?

टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, हादरे थांबेपर्यंत तिथेच थांबायचं. बाहेर धावत सुटायचं नाही. फोनवर मोठ्या आवाजात इशारा येऊ शकतो, तो आवाज मुलांना आधीच ऐकवून ठेवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११०. यजमानांचा पत्ता जपानीत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात हवा.

फोटो समाजमाध्यमांवर टाकावेत का?

दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे आणि यजमानांचं घर परवानगीशिवाय अजिबात नाही. जपानी पालक याबाबत फार जागरूक असतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटालाही हाच नियम.

वाकायामाला जाणाऱ्या गटांसाठी वेगळं काही?

महाराष्ट्राचा जपानच्या वाकायामा प्रांताशीही करार आहे. तिथल्या कोयासान डोंगरावर बौद्ध भिक्षू कुकाई यांनी नवव्या शतकात उभारलेली मठांची वसाहत आहे, आणि कोयासान विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. मुलांनी त्याच्यापाशी उभं राहून यजमानांना बाबासाहेब कोण, हे चार वाक्यांत सांगता यावं इतकी तयारी करून घ्या. मठात मुक्काम केला तर शाकाहारी मुलांची चंगळ असते, तिळाचा टोफू जरूर खावा. सकाळच्या प्रार्थनेला मात्र वेळेवर उठावं लागतं.

त्यांची मुलं आपल्याकडे येतील तेव्हा काय करायचं?

खास खोली किंवा नवं फर्निचर नको. बंद बाटलीचं पाणी, डासांपासून संरक्षण, बादली-मग आणि गीझर कसा वापरायचा हे दाखवणं, रस्ता ओलांडताना हात धरणं, एवढं पुरे. ॲलर्जी आधी विचारून घ्या, तिखट वेगळं ठेवा. आणि जेवताना आग्रह आवरा. जपानी पाहुण्याला 'नको' म्हणणं फार अवघड जातं. तो पोट भरल्यावरही वाढलेली पोळी संपवत राहतो आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडतो. एकदाच विचारा, आणि त्याने क्षणभर जरी रेंगाळून उत्तर दिलं, तरी पोळीचा डबा बंद करा.